सूनबाईंचं ‘आतलं’ काम

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणेरावळे झाले आणि राहूनच गेलं. पण परवा एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “तुमच्या सूनबाई काय करतात हो?” त्याचं उत्तर मी पूर्वी काय द्यायचे आणि आता काय देते, हे आठवून स्वतःशीच हसू आलं. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

पूर्वी माझं उत्तर असायचं, “नाशकात एका कंपनीत ऑफिसात आहे. फोन-बिन घ्यायचं काम असतं.” आणि लगेच विषय बदलायचा. मुलगा काय करतो ते सविस्तर सांगायचं, नातवाचे मार्क सांगायचे. सूनबाईंच्या नोकरीवर मात्र एक वाक्य. खरं सांगायचं तर ती नेमकं काय करते हेच मला कळलेलं नव्हतं. कंपनी खाद्यपदार्थांच्या उद्योगाला लागणारी यंत्रं बनवते, एवढं माहीत होतं. कांदा कापायची, भाजी वाळवायची, मसाला दळायची, लोणचं कालवायची, पिशव्या भरून सील करायची, अशी. पण सूनबाई ना यंत्र बनवत, ना बाहेर जाऊन विकत. मग करते काय? तिने एकदा सांगितलं होतं, “आई, मी इंटर्नल सेल्स सपोर्टला आहे.” मी मान डोलावली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

ती रोज पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाउन करायची. आमच्या मनमाडच्या अर्ध्या नोकरदारांचं आयुष्य या गाडीच्या वेळेवर बांधलेलं. पहाटे अंधारात डबा घेऊन निघायचं आणि रात्री दमून परत यायचं. मधल्या वेळात काय घडतं ते घरच्यांना दिसतच नाही.

ते दिसलं २०२० च्या मार्चमध्ये. गाड्या बंद झाल्या, कंपनीने लॅपटॉप दिला आणि सूनबाईंचं ऑफिस आमच्या मधल्या खोलीत आलं. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात आमच्याकडे दार नाही, नुसता पडदा. त्यामुळे सात-आठ महिने मी भाजी निवडता निवडता तिचं सगळं बोलणं ऐकलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला कानावर पडलेलं सोडून देता येत नाही, ही आमची खोड.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की ही मुलगी बोलते कमी आणि विचारते जास्त.

कुणाचा तरी फोन येई, “मॅडम, चटणीचं मशीन केवढ्याला?” मला वाटायचं, हिने भाव सांगावा आणि मोकळं व्हावं. पण हिचे प्रश्न सुरू. चटणी कसली, ओली की कोरडी? तासाला किती किलो हवी? मिरची देठासकट येणार की खुडलेली? वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज? यंत्र ठेवायच्या जागेचं दार केवढं आहे? (या प्रश्नाला मी हसले होते. मग कळलं, एका गावी यंत्र दारातून आत जाईना म्हणून भिंत फोडावी लागली होती.) आणि एक प्रश्न ती कधीच चुकवत नसे: “धुवायला पाणी किती आहे?”

हा प्रश्न ऐकून मी मनात म्हटलं, शोभतेस खरी मनमाडची सून! नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचं ते दिवस आमच्या गावाने काढलेत. पिंपं, टाक्या, हंडे भरून ठेवल्याशिवाय आम्हाला झोप यायची नाही. खाण्याचं यंत्र रोज धुवावं लागतं, आणि ते पाण्यावाचून धुतलं जात नाही, हे पुस्तकात वाचून कळतं. पण ते न विसरता विचारणं घरातल्या रिकाम्या पिंपाने शिकवलं असणार.

एकदा लोणच्याच्या कारखान्याचा फोन होता. पलीकडचे गृहस्थ म्हणत होते, “स्टील स्टीलच असतं, स्वस्तातलं द्या.” ही त्यांना समजावत होती, की ३०४ नंबरचं स्टील पुष्कळ कामांना चालतं, पण लोणच्यात मीठ आणि आंबट दोन्ही, त्याला ३१६ बरं. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाने बारीक भोकं पडत नाहीत तितकी. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “अगं, हे तर आम्हाला कधीपासून माहीत आहे. लोणचं चिनी मातीच्या बरणीतच घालायचं, धातूच्या डब्यात नाही.” ती म्हणाली, “तेच तर आई. तुमची बरणी आणि आमचं ३१६ एकच.” त्या दिवसापासून मला तिच्या कामात रस वाटायला लागला.

मग तिने मला सगळी साखळी समजावून दिली. बाहेर फिरणारे विक्रीवाले असतात, ते गिऱ्हाईक गाठतात. आत यंत्र रचणारे इंजिनियर असतात, कारखान्यात बनवणारे असतात. या सगळ्यांच्या मधोमध एक टेबल असतं. विचारणा तिथे येते, तिथून प्रश्न जातात, दरपत्रक तयार होतं, किती आठवड्यांत मिळेल ते लिहिलं जातं, ऑर्डर आली की ती मूळ दरपत्रकाशी ताडून पाहिली जाते. आगाऊ रक्कम, ट्रक, ई-वे बिल, बसवून देणारा माणूस, आणि वर्षभराने तुटलेला सुटा भाग, सगळं त्या टेबलावरून जातं. त्या टेबलावरच्या माणसाने एक शून्य चुकवलं तर कुणाच्या तरी गावात चुकीचं यंत्र उतरतं.

मला एकदम शाळेतली शाब्दिक उदाहरणं आठवली. फळ्यावर उदाहरण लिहून व्हायच्या आत मुलं विचारायची, “बाई, गुणाकार करायचा का भागाकार?” मी म्हणायचे, “अरे, आधी वाच तरी!” सूनबाईंचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची शाब्दिक उदाहरणं नीट वाचणं. गिऱ्हाइकाला उत्तराची घाई, विक्रीवाल्याला उत्तराची घाई, साहेबांना तर महिनाअखेरची घाई. आणि हिने म्हणायचं, “आधी वाचू द्या.”

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी एक योजना काढली. यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला पस्तीस टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. किमान दहा टक्के आपले घालायचे आणि बाकीचं बँकेचं कर्ज. त्यामुळे बचत गटाच्या बायका, गावातली तरुण मुलं यांचे फोन वाढले. बँकेला अर्जासोबत यंत्राचं दरपत्रक लागतं. म्हणजे सूनबाईंनी लिहिलेल्या कागदावर कुणाचं तरी कर्ज ठरणार!

त्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका बचत गटाची विचारणा आली. कांदा वाळवायचा होता. आमच्या भागात ही कल्पना कुणाच्या मनात येणार नाही? लासलगावचा बाजार जवळ. भाव पडला की कांदा रस्त्यावर ओतलेला आम्ही डोळ्यांनी पाहतो. तो वाळवून पावडर केली तर वर्षभर टिकेल, हा विचार सरळ आहे. विक्रीवाल्याने गावात जाऊन त्यांना मोठं यंत्र सांगितलं होतं. एका घाण्याला चारशे किलो सोललेला कांदा मावेल असं, विजेवर चालणारं. शिवाय तोंडी सांगितलं होतं, की शंभर किलो कांद्याला वीस किलो पावडर निघेल.

सूनबाईंनी फोन करून पहिला प्रश्न विचारला, “कांदा कोणता?”

“आपला लालच की, ताई.”

तिने फोन ठेवला आणि वही घेतली. मला शेजारी बसवून सगळा हिशेब दाखवला. तुम्हालाही सांगते, कारण गणित पाचवीचंच आहे. शंभर किलो कांदा घेतला. साल, मुळं, देठ, सडका भाग जाऊन उरला अठ्ठ्याऐंशी किलो. आपल्या लाल कांद्यात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच. म्हणजे खरा कांदा उरला साडेअकरा किलोच्या आत. वाळलेल्यात थोडा ओलावा राहतो तो धरून पावडर निघणार फार तर बारा किलो. वीस नाही, बारा! वाळवायच्या धंद्यात पांढरा कांदा वापरतात, तो यासाठीच. त्यात पाणी कमी आणि उतारा जास्त. गुजरातेत महुव्याला कांदा वाळवण्याचे कारखाने वाढले ते पांढऱ्या कांद्यावर. आमच्याकडचा लाल कांदा भाजीत घालावा, भेळेवर घालावा; वाळवणात त्याला उतारा पडत नाही.

पुढचा हिशेब विजेचा. चारशे किलो सोललेल्या कांद्यातून सुमारे तीनशे पंचेचाळीस लिटर पाणी उडवायचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला कागदावर ०.६३ युनिट वीज लागते. प्रत्यक्ष यंत्रात दीडपट-दुप्पट धरावी. म्हणजे एका घाण्याला सुमारे सव्वातीनशे ते चारशे पस्तीस युनिटं. त्यांची शेड होती शेतीच्या फीडरवर, तिथे थ्री फेज वीज दिवसातून काही तासच. घाणा अर्धा वाळला आणि वीज गेली तर काय, हे ज्याने घरात ओले सांडगे पावसात सापडलेले पाहिलेत त्याला सांगायला नको.

सूनबाईंनी दरपत्रक केलं ते लहान यंत्राचं, शंभर किलोच्या घाण्याचं. मोठं यंत्र जवळजवळ तिप्पट किमतीचं होतं. सोबत अर्ध्या पानावर मराठीत हिशेब लिहिला. लाल कांद्याला बारा किलो, वीज इतकी, आणि कांद्याला भाव असेल तेव्हा हेच यंत्र मेथी, आलं, कोथिंबीर यांना वापरता येईल. पाठवण्याआधी नियमाप्रमाणे साहेबांना दाखवलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पडद्याआडून मला एकच बाजू ऐकू येत होती, पण तेवढी पुरे होती. “हो सर... नाही सर... पण त्यांचा कांदा लाल आहे, सर...” विक्रीवाला चिडला होता. महिन्याचं टार्गेट त्या मोठ्या यंत्रावर उभं होतं. साहेबांचं म्हणणं, गिऱ्हाइकाने मागितलंय ते द्या. आपण यंत्र विकतो, सल्ला नाही.

फोन झाल्यावर ती डोकं धरून बसली. नोकऱ्या जाण्याचे दिवस होते ते. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत कमावती माणसं घरी बसली होती. मी चहा ठेवला तिच्यापुढे आणि म्हटलं, “अगं, साहेब म्हणतात तसं पाठव ना. तुझं काय जातंय? सही त्यांची, जबाबदारी त्यांची.”

हे मी म्हटलं बरं का मंडळी. दुसऱ्या कुणी नाही. चौतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं त्या बाईंनी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “आई, हप्ता त्या बायका भरणार आहेत. अनुदानसुद्धा लगेच हातात पडत नाही, ते तीन वर्षं बँकेतच अडकून असतं. वीस किलोच्या हिशेबाने कर्ज काढतील आणि निघतील बारा.” आणि मग म्हणाली, “तुम्ही शाळेत असताना एखाद्या मुलाची वही न तपासता बरोबरची खूण केली असती का हो?”

मी काही बोलले नाही. पातेलं विसळायला आत गेले. कारण खरं उत्तर असं होतं, की एकदा केली होती. वरून सांगितलं होतं म्हणून एका मुलाचे मार्क मी वाढवून लिहिले होते. कुणाचं काय जातंय, असंच तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं. तो मुलगा पुढच्या वर्गात जाऊन दोनदा बसला आणि शाळा सोडून गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईंनाही हे इथेच वाचायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही दरपत्रकं पाठवली, मोठ्या यंत्राचंही आणि लहानाचंही. साहेबांच्या शब्दाचा मान राहिला. पण दोन्हींना तो अर्ध्या पानाचा हिशेब जोडलेला होता. साहेबांना तसं कळवून केलं, लपवून नाही. गटाच्या बायकांनी आठ दिवस विचार केला आणि लहान यंत्र घेतलं. विक्रीवाल्याचं टार्गेट हुकलं. मार्चमध्ये सूनबाईंच्या वार्षिक शेऱ्यात एक ओळ आली: विक्री विभागाशी सहकार्य वाढवण्याची गरज. पगारवाढ मिळाली ती नावाला. तिच्या कंपनीत ऑर्डरवरचं कमिशन बाहेरच्यांना मिळतं. आतल्यांच्या वाट्याला ऑर्डर चुकली तर बोलणी.

आता साहेबांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ऑर्डरी आल्या नाहीत तर कारखान्यातल्या सगळ्यांचेच पगार थांबतात, सूनबाईंचासुद्धा. गिऱ्हाईकही कुक्कुलं बाळ नसतं. त्याने आपलं बरं-वाईट बघावं, हे बोलणं अगदीच चूक नाही. पण दोन्ही बाजूंना माहिती सारखी असेल तेव्हाच हे न्यायाचं. साडी घेताना बाई दुकानदाराला हातोहात हरवते, कारण पोत तिला बोटांनी कळतो. वाळवणाच्या यंत्राचा पोत तिला कुठून कळावा? तिथे जो जाणतो त्याने सांगितलं पाहिजे. आणि दूरचा विचार केला तर कंपनीचाही फायदा त्यातच. बुडालेलं गिऱ्हाईक सुटे भाग घेत नाही, दुसरं यंत्र घेत नाही, आणि गावभर सांगत सुटतं ते वेगळंच.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्याकडच्या यंत्रांच्या धंद्याचा इतिहासच असा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन नासते. नुसती जाहिरात करून तो समज जाणार नव्हता. समजावत बसावं लागलं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथे नांगर, उसाचे चरक असा माल होऊ लागला. लक्ष्मणरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या माळरानावर हिशेब आणि कचेरी सांभाळणारे मंगेशराव रेगेही होते, ते कुणाला आठवतात? आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी. आम्ही मराठीच्या वर्गात ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या मासिकांची नावं वाङ्मयाच्या इतिहासात सांगत असू. त्या घराण्याचं मूळ नांगर घेणाऱ्याला चार गोष्टी मराठीत नीट सांगण्यात आहे, हे मात्र कधी सांगितलं नाही!

मुंबईत १९३८ मध्ये दोन डॅनिश इंजिनियरांनी लार्सन अँड टुब्रो सुरू केली, तेव्हा त्यांचा धंदा डेन्मार्कहून दूधधंद्याची यंत्रं आणून विकण्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात माल येणं थांबलं, मग छोट्याशा कारखान्यात दुरुस्ती आणि लहानसहान यंत्रं बनवणं त्यांनी इथेच सुरू केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं मूळसुद्धा कुणाचं तरी दुधाचं यंत्र बंद पडू न देण्यात आहे.

असो. भाषेचं निघालंच आहे तर एक गंमत सांगते, तीही माझ्यावरच आहे.

त्या गटाकडे यंत्र पोहोचलं, पण सोबतचं पुस्तक सगळं इंग्रजीत. सूनबाई म्हणाल्या, “आई, चालवायच्या आणि धुवायच्या सूचना मराठीत करून द्याल का?” मला काय आनंद! इतक्या वर्षांनी माझ्या बी.ए.ला काम मिळालं. शब्दकोश काढला, चष्मा पुसला आणि दोन दिवस खपून चार पानं लिहिली. ‘आपत्कालीन विराम-कळ’, ‘संधिबंधक कडे’, ‘तापमान-नियामक’... सुरेख अक्षरात.

तिने वाचलं. फार जपून म्हणाली, “छान झालंय. पण हे त्या काकूंना फोनवर वाचून दाखवू का?” दाखवलं. पलीकडून काकू म्हणाल्या, “ताई, तुम्ही ते लाल बटण म्हणताय का?”

लाल बटण! झालं. संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून सगळं पुन्हा लिहिलं. ‘काही गडबड वाटली तर आधी लाल बटण दाबा. मग आम्हाला फोन करा.’ गॅस्केटला गॅस्केटच म्हटलं, आणि कंसात लिहिलं: कुकरच्या रिंगसारखी. चार पानांचं दीड पान झालं. ते पान काकूंनी भिंतीवर चिकटवलंय. मराठी भाषेची एवढी मोठी सेवा मी अख्ख्या नोकरीत केली नसेल.

म्हणून माझं म्हणणं मांडते, पटतंय का बघा.

एक, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्राबरोबर निदान एक पान मराठीत असावं, आणि ते लिहून झाल्यावर यंत्र चालवणाऱ्या बाईला वाचून दाखवावं. तिला कळलं तरच पास. दुसरं, दरपत्रकात किमतीच्या शेजारी उतारा आणि विजेचा अंदाज लिहावा. तोंडी आकडे तोंडीच राहतात आणि कर्ज मात्र लेखी असतं. तिसरं, कमिशन वाटताना आतल्या टेबलाची आठवण ठेवावी, आणि नुसत्या आलेल्या ऑर्डरी न मोजता वर्षभराने किती यंत्रं चालू आहेत तेही मोजावं. चौथं आमच्या शिक्षकांसाठी. मुलांना उत्तरं द्यायला आपण भरपूर शिकवलं. प्रश्न विचारायलाही शिकवू या. पेपरात एखादा असा प्रश्न टाका, ज्यात माहिती अपुरी असेल आणि ‘आणखी काय विचाराल?’ एवढंच विचारलेलं असेल. त्या पेपरात आमच्या सूनबाई पहिल्या येतील.

आमच्या मनमाडला अन्न महामंडळाची मोठाली गोदामं आहेत. रेल्वेने आलेलं धान्य तिथे उतरतं आणि पुढे जातं. कुठलं पोतं कुठे ठेवलंय, कुठलं आधी काढायचं, हे ध्यानात ठेवणारी माणसं तिथेही असतात. त्यांचं नाव कुठे छापून येत नाही. त्यांचं चुकलं तर मात्र लगेच बातमी होते. आतल्या कामाचं सगळीकडे असंच. घरातलं काय वेगळं आहे? आम्ही बायकांनी जन्मभर केलं ते आतलंच काम. त्याला कमी लेखलं जातं म्हणून मी एवढी वर्षं कुरकुरत होते, आणि सुनेच्या कामाला ‘फोन-बिन’ मीच म्हणत होते.

गाड्या सुरू झाल्या तशा सूनबाई पुन्हा पंचवटीने जाऊ लागल्या. मधल्या खोलीतलं टेबल तिथेच आहे, त्यावर आता मी लिहायला बसते. ती बचत गटाची मंडळी कांद्यापेक्षा आलं आणि मेथीच जास्त वाळवतात. गेल्या संक्रांतीला त्यांच्याकडून वाळलेल्या मेथीची पिशवी आली होती. थालीपिठात घातली, वास छान होता. त्या वार्षिक शेऱ्याचा कागद सूनबाईंनी कुठेतरी ठेवून दिलाय. मी म्हटलं, “फ्रेम करून लाव.” ती म्हणाली, “आई, काहीतरीच हं तुमचं!”

तर त्या लग्नातल्या बाईंना मी काय सांगितलं? म्हटलं, “आमच्या सूनबाई खाद्ययंत्रांच्या कंपनीत आहेत. कुणाला काय परवडेल आणि कुणाचं काय बुडेल, ते आधी विचारून घेतात.” त्यांना काही कळलं नसावं. “म्हणजे फोनवर?” त्यांनी विचारलं.

“हो, फोनवरच,” मी म्हटलं. आणि या खेपेस विषय बदलला नाही. पंगत उठेपर्यंत सगळं सांगत बसले.